नाणेघाटची वाट

आमच्या आईचे माहेर टोकावड्याचे. कल्याणहून मुरबाडवरून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर हे गाव लागते. पावसाळ्यात धबधबे पाहायला निघालेली शहरातली मंडळी मोटारी भरभरून येथून जातात, चहा-वड्यापुरती टेकतात आणि माळशेजकडे पळतात. गाव आपले सह्याद्रीच्या पायाशी भातखाचरांच्या कडेला बसलेले. तेथून वैशाखऱ्याकडे निघाले, की समोरच्या डोंगरभिंतीत एक कडा आभाळाकडे उभा राहिलेला दिसतो. मूठ वळून अंगठा वर करावा, तसा. त्याला म्हणतातच 'नानाचा अंगठा'. त्याच्या कुशीत एक खिंड आहे. ती खिंड म्हणजे नाणेघाट.

मी शाळेत इतिहास शिकवतो. सातवाहनांचा धडा आला, की नाणेघाटाचे नाव घेतो आणि फळ्यावर नकाशा काढतो. आजोळ त्या घाटाच्या पायथ्याशी. पण तो घाट पायथ्यापासून मी कधी चढलो नव्हतो! एकदा शाळेच्या सहलीबरोबर जुन्नरच्या बाजूने, बसमध्ये बसून, वरच्या वर जाऊन आलो होतो. परंतु वरून घाट पाहणे म्हणजे लग्न न पाहता नुसते पंगतीला जाऊन बसणे. ही चुटपूट मनात होती.

गेल्या भाऊबिजेला योग आला. मामा आता ऐंशीच्या पुढे गेले. पूर्वी तेच ओवाळून घ्यायला कल्याणला येत. आता गुडघे धरल्यामुळे आईच त्यांच्याकडे जाते. सौभाग्यवतींनी सुचवले, "सगळेच जाऊ. आईंना टोकावड्याला उतरवू, आपण मुलांना घेऊन घाट चढून येऊ आणि संध्याकाळी ओवाळायला हजर." कन्या दहावीत, चिरंजीव सातवीत. दोघांनीही आश्चर्यकारक तत्परतेने होकार दिला. त्यांचा होकार इतिहासाला नसून फराळाच्या डब्याला होता, हे मला मागाहून कळले.

पहाटेची एस.टी. धरली. टोकावड्याला आई उतरली. पिशवी सावरीत म्हणाली, "दिवेलागणीच्या आत या रे. आणि वर गेलात, की त्या रांजणाला माझा नमस्कार सांगा."

"रांजणाला?" चिरंजीवांनी खिडकीतून विचारले. पण गाडी हलली होती. म्हाताऱ्या माणसांना वाटेतला प्रत्येक दगड देवच वाटतो, असे मी त्याला शहाणपणाने समजावले. या शहाणपणाची फेड संध्याकाळी व्हायची होती.

वैशाखऱ्याच्या पुढे रस्ता सोडून आम्ही पायवाटेला लागलो. भात कापून झाले होते. खाचरांतून पेंढ्या रचलेल्या होत्या. मग रान सुरू झाले. दिवाळीतला तो वाळलेल्या गवताचा गोड वास, ओढ्यात राहिलेले गुडघाभर पाणी आणि डोक्यावर हळूहळू जवळ येणारा अंगठा. वाटेत तीन ठाकर बाया मोळ्या घेऊन उतरताना भेटल्या. वाट अरुंद, आम्ही बाजूला झालो. हात न लावता, मान ताठ ठेवून, त्या दगडांवरून अशा उतरल्या, की पाठीवर शाळेच्या दप्तराएवढी पिशवी घेऊन धापा टाकणाऱ्या मला माझी लाज वाटली. कन्येने विचारले, "त्यांच्या डोक्यावर मोळीखाली ते काय होतं?" आईने सांगितले, "चुंबळ. कापडाची गुंडाळी. ओझं टोचू नये म्हणून." शहरातल्या मुलीला हा शब्द नवा होता. पाण्याचे हंडे गेले, तशी चुंबळही गेली.

दोन तास चढल्यावर दगडी पायऱ्या सुरू होतात. काही ठिकाणी खडक फोडून केलेल्या, काही ठिकाणी धोंडे बसवून फरसबंदी केलेल्या. मधोमध झिजून त्यांना खोलगट आकार आला आहे. मुलांना थांबवून मी म्हटले, "ही साधी वाट नव्हे. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा राजमार्ग आहे." दोघांनी एकमेकांकडे पाहिले. अप्पांचा तास सुरू झाला, हे त्यांनी ओळखले आणि मुकाट्याने चकल्या काढल्या.

वाचकहो, तुम्हीही हाताशी फराळ घ्या, म्हणजे हा तास सुसह्य होईल.

समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवरची ही खिंड म्हणजे कोकण आणि देश यांच्यामधले दार. खाली कल्याण आणि सोपारा ही बंदरे. वर जुन्नर आणि त्याच्या पलीकडे गोदाकाठी सातवाहनांचे प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण. समुद्रावरून आलेला माल पैठणच्या पेठेत जायचा, तर सह्याद्री ओलांडल्याखेरीज गत्यंतर नव्हते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेले 'पेरिप्लस' नावाचे एक प्रवासवर्णन आहे. व्यापारी गलबतांना कोठे काय मिळते, याची ती वहीच म्हणा ना. त्यात कल्याण 'कल्लिएना' या नावाने येते, पैठण येते, तगर म्हणजे धाराशिवकडचे तेरही येते. पूर्वी कल्याण हे रीतसर व्यापाराचे बंदर होते. पुढे सत्ता बदलली आणि तेथे येणाऱ्या ग्रीक जहाजांना पहाऱ्यात भडोचला नेऊ लागले, अशी तक्रारही तो लेखक करतो. बंदर अडवले, की घाट ओस पडतो आणि घाटावरची जकात बुडते. राजांच्या लढाया नुसत्या शौर्यासाठी होत नसत. पुष्कळदा त्या अशा एखाद्या दारासाठी होत.

ही वाट किती वाहती होती, याची साक्ष दोन्ही टोकांना आहे. इकडे कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्या कल्याणकरांची नावे कोरलेली आहेत. तिकडे जुन्नरच्या लेण्यांत दात्यांमध्ये 'यवन' म्हणवणारे लोकही आहेत. परदेशचा माणूस जुन्नरला येऊन डोंगरात दान कोरून ठेवतो, याचा अर्थ त्याची वाट रोजच्या पायाखालची होती.

शेवटच्या पायऱ्या चढलो आणि गुहा लागली. मोठ्या चौकोनी खोलीएवढी. डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत कोरलेल्या ओळी. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्याकडे विद्वानांचे लक्ष वेधले. पुढे जुनागढचे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्यांवर अपार कष्ट घेतले आणि १८८३ साली ब्यूलर या जर्मन पंडिताने त्यांचे वाचन प्रसिद्ध केले. मजकूर एका राणीचा आहे. नागनिका तिचे नाव. लेखात ते नायनिका असेही येते. महारठी घराण्यातली कन्या, सातकर्णी राजाची पत्नी, वेदिसिरी आणि सतिसिरी या मुलांची आई. बहुतेक पंडित हा लेख इसवी सनपूर्व पहिल्या शतकातला मानतात. आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र, सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन आहे. मग व्रते व उपवास करणाऱ्या राणीचे वर्णन आणि त्यापुढे यज्ञांची यादी. अश्वमेध, राजसूय आणि आणखी कितीतरी. प्रत्येक यज्ञाची दक्षिणा आकड्यांत: १,७०० गायी आणि १० हत्ती, ११,००० गायी आणि १,००० घोडे, २४,४०० कार्षापण नाणी.

येथे कन्येने चकली खाली ठेवली. गणित तिचा आवडता विषय. "आकडे? अक्षरांत नाही, आकड्यांत?"

"आकड्यांत. भारतात कोरलेल्या अगदी जुन्या आकड्यांपैकी हे आहेत. शून्य नाही अजून. दहाला वेगळं चिन्ह, वीसला वेगळं, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं. पण तू वहीत लिहितेस ते आकडे, आणि इंग्रजीत लिहितेस तेसुद्धा, यांच्याच वंशातले."

तिने बराच वेळ भिंतीकडे पाहिले. मग विचारले, "एवढ्या गायी द्यायला पैसे कुठून आले, अप्पा?"

मास्तराला असा प्रश्न विचारणारे मूल वर्षातून एकदा भेटते. मी म्हटले, "शेतसारा असेल, लढाईतली लूट असेल. पण ही यादी राजवाड्यात न कोरता या घाटात का कोरली, ते बघ. कारण सगळा माल इथून जातो. जाणारा प्रत्येक माणूस ती पाहतो आणि राज्य कोणाचं, ते समजून पुढे जातो."

मागच्या भिंतीवर आणखी एक गोष्ट आहे. तेथे एके काळी राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती कोरलेल्या होत्या. वर त्यांची नावे आहेत: सिमुक सातवाहन, देवी नायनिका, राजा सातकर्णी, राजकुमार, महारठी. मूर्ती नष्ट झाल्या आहेत. नावे तेवढी राहिली आहेत. घरातल्या भिंतीवरची तसबीर काढून न्यावी आणि खालची चिठ्ठी तशीच राहावी, त्यातला हा प्रकार. महाराष्ट्रातल्या एवढ्या पहिल्या मोठ्या राजघराण्याचे हे घरगुती चित्र असे रिकामे पाहून मन थोडे उदास झाले.

त्या उदासीतून मला जागे केले ते एका कर्रकर्र आवाजाने. बाहेर येऊन पाहतो, तो आमचे चिरंजीव एक टोकदार दगड घेऊन पायरीकडेच्या खडकावर आपले नाव कोरायच्या बेतात! पहिले अक्षर निम्मे झालेही होते. मी ओरडलो. संरक्षित स्मारक आहे, गुन्हा आहे, शाळेत हेच शिकलास का, इत्यादी. त्याने दगड टाकला. पण मान खाली घालून पुटपुटला, "राणीने लिहिलं तर चालतं."

सौभाग्यवतींनी तोंडाला पदर लावला. मी रागावून पुढे झालो, कारण माझ्यापाशी उत्तर नव्हते.

खिंड ओलांडली, की पठार लागते. समोर जीवधनचा किल्ला, पलीकडे घाटघर गाव, आणि वाटेच्या कडेला एकाच दगडातून कोरून काढलेला भलामोठा रांजण. ये-जा करणारे त्यात जकातीची नाणी टाकीत आणि म्हणूनच हा नाणेघाट, अशी परंपरागत समजूत आहे. आम्ही त्याच्याजवळ बसून डबा सोडला. आईचा निरोप आठवून कन्येने त्याला हात जोडले.

जेवताना मला राहवेना, म्हणून घाट ओस का पडला, तेही सांगून टाकले. कारण एका शब्दात सांगता येते: चाक. नाणेघाट पायऱ्यांचा. त्यावरून माणूस चढतो, गोण्या लादलेला बैल चढतो, गाडी चढत नाही. शतकानुशतके त्यामुळे काही बिघडले नाही, कारण व्यापारच लमाणांच्या तांड्यांवर चाले. पण १८३० साली बोरघाटात गाडीरस्ता झाला. १८५४ साली आगगाडी कल्याणला आली. १८६३ साली ती बोरघाट चढून गेली आणि १८६५ साली थळघाट. एका आगगाडीत शेकडो बैलांचा माल मावू लागल्यावर पायऱ्या कोण चढणार? मोठा व्यापार रुळावरून गेला. नाणेघाटात उरली ती घाटाखालच्या आणि घाटावरच्या गावांची आपापसातली ये-जा. इतिहासाच्या पुस्तकात घाट येथे संपतो. माझ्या तासातही तो येथेच संपत असे.

उतरून टोकावड्याला पोहोचलो, तेव्हा दिवेलागण होत होती. मामा ओट्यावर पाटाची वाट पाहत बसले होते. आईने पहिला प्रश्न केला, "रांजणाला नमस्कार केलात?"

"मी केला," कन्या म्हणाली. "पण तो कुठला देव आहे, आजी?"

"देव कसला! माझे आजोबा तिथं टेकायचे."

मी चमकलो. आईचे आजोबा घाटावर व्यापार करीत, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. नव्हे, घराण्याची माहिती म्हणून मी एक वही घातली आहे, तिच्यात ते माझ्या अक्षरात लिहिलेलेही होते: 'नाणेघाटमार्गे जुन्नरपर्यंत व्यापार.' मी तसे म्हटले, तर मामा खोकत हसले.

"आरं, येपार शेठचा. आमचा आजा भारी. मिठाचं गोण डोईवर घ्यायचं, कधी सुकी मासळी. रातच्या चांदण्यात निघायचं, उन्हं तापायच्या आत खिंड गाठायची. वर रांजणापाशी वझं उतरलं, का पयला दम. येताना बाजरी, गूळ. शेठचा माल, आमची मान!"

त्या शेवटच्या चार शब्दांत विनोद होता, तसाच अभिमानही होता. 'मान' या शब्दाचे दोन्ही अर्थ मामांना ठाऊक होते.

मी आईकडे पाहिले. ती निरांजनातली वात सारखी करीत होती. "लग्न होऊन कल्याणला आले," ती म्हणाली, "तेव्हा तुझ्या आत्यांनी विचारलं, माहेरचे काय करायचे. ओझी वाहायचे, असं सांगायला जीभ रेटेना. व्यापार म्हटलं. मग तेच राहिलं."

पन्नास वर्षे ते तसेच राहिले. आणि मी, दर वर्षी चाळीस-पन्नास मुलांना इतिहासाची साधने कशी पारखावीत हे शिकवणारा मनुष्य, माझ्याच आईने लाजेपोटी सांगितलेली गोष्ट पारखल्यावाचून वहीत उतरवून मोकळा झालो होतो. सकाळी मुलीने विचारले होते, एवढे पैसे कुठून आले. मी शेतसारा सांगितला, लूट सांगितली, जकात सुचवली. पण जकात ज्या मालावर बसते, तो माल घाट चढतो कसा, याचा विचार माझ्या डोक्यात आला नाही. आमच्या पणजोबांपर्यंत ही वाट कोणाच्या तरी डोक्यावरून चालत आली होती. राणीने दान दिलेल्या गायी मोजलेल्या आहेत, घोडे मोजलेले आहेत. मोळी घेऊन उतरणाऱ्या त्या बायांना आम्ही वाट दिली, तेव्हा खरे म्हणजे त्या घाटाचा सर्वांत जुना इतिहास आमच्या अंगावरून गेला होता आणि आम्हांला त्यातली फक्त चुंबळ दिसली.

चिरंजीव मामांच्या पायाशी सरकून बसले होते. "त्यांनी वर कुठे नाव लिहिलंय का हो, मामाआजोबा?"

"लिवाया येतंय कुनाला?" मामा म्हणाले. मग थोडे थांबून म्हणाले, "पायऱ्या पायल्यास ना? मधी झिजल्यात त्या? त्यात आज्याचाबी पाय हाय."

सकाळच्या प्रश्नाचे उत्तर मुलाला असे मिळाले. माझ्या कायद्याच्या भाषणापेक्षा ते त्याला अधिक पटले, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होते. वर गुहेत नावे आहेत आणि माणसे नाहीत. खाली पायऱ्यांवर माणसे आहेत आणि नावे नाहीत. दोन्ही एकाच डोंगरात, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर.

किती खेपा केल्या असतील त्यांनी, असे कन्येने विचारले. तिला आकडा हवा होता. मामांनी हात झटकला. "कोन मोजतंय?"

मग आईने ओवाळले. मामांनी ओवाळणीचे पैसे ताटात टाकले आणि आईने त्यांच्या हातावर करंजी ठेवली. रात्रीच्या गाडीत मुले झोपली. आई खिडकीशी जागी होती. मी म्हटले, "मला आधी का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "तू पुस्तकातलं शिकवतोस. हे कुठल्या पुस्तकात आहे?"

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी मी ती वही काढली. मुलांच्या उत्तरपत्रिका तपासतो तो लाल पेन घेतला आणि 'व्यापार' हा शब्द खोडला. वर काय लिहावे, याचा विचार करीत बसलो असता चिरंजीवांनी वही ओढून घेतली आणि आपल्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिले: 'मीठ वाहून नेत.' त्यापुढे मामांकडून विचारून आणलेले पणजोबांचे नाव लिहिले. आजवर त्या वहीत नुसतेच 'आईचे आजोबा' होते.

सह्याद्रीत अशा घाटवाटा पुष्कळ आहेत आणि शहरापासून फार लांबही नाहीत. वाचकहो, या सुट्टीत मुलांना घेऊन एखादी चढून या. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या असतात. दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. पहाटे निघा, पाणी भरपूर घ्या, आणि खडकावर नाव लिहू नका. लेख वाचून झाला, की क्षणभर पायऱ्यांकडेही पाहा. आणि घरी कोणी म्हातारे माणूस असेल, तर निघण्याआधी त्याला एकदा विचारा, की त्या वाटेवरून आपले कोण जात होते.

यंदा भाऊबिजेला आम्ही पुन्हा टोकावड्याला जाणार आहोत. मामा काही वर येऊ शकणार नाहीत. रांजणाला टेकून, पाय पसरून बसलेला आपला फोटो काढायचा आणि उतरल्यावर तो मोबाइलवर त्यांना दाखवायचा, असे चिरंजीवांनी ठरवले आहे. आणि मोळीवाल्या बाया भेटल्या, तर चुंबळ कशी वळतात ते शिकून घ्यायचे, असे कन्येने.